मुंजाभाऊंची चोरशिवण

मला फुरसं चावलं आणि घडीभरात दुकानात माझ्यासकट पाच माणसं जमली. विषावरचं औषध माझ्यापासून दोन हातांवर, डॉक्टरांच्या बॅगेत होतं. बॅगेला कुलूप होतं आणि किल्ली सकाळीच ओढ्यात वाहून गेली होती. ते कुलूप उघडू शकेल असा आमच्या भागात एकच माणूस होता, मुंजाभाऊ. ते बॅग पोटाशी धरून उभे होते. म्हणाले, "आधी सगळे बाहेर व्हा. शेषरावच्या हॉटेलात चहा घ्या. मंग उघडतो."

डॉक्टर ओरडले, "मुंजाभाऊ, डोकं ठिकाणावर हाये का? बाई मरून राह्यली!"

"म्हणून तर म्हन्तो. जल्दी चहा प्या."

मी खाली रेक्झिनच्या तुकड्यांत बसले होते. उजवा हात मनगटाच्या वर सुजत चालला होता आणि आतून कोणी पेटती काडी फिरवावी तशी आग होत होती. खरं सांगते, त्या घडीला मला मुंजाभाऊंचा जेवढा राग आला तेवढा फुरशाचा आला नाही. फुरसं तुकड्यांखाली निजलं होतं, मी न पाहता हात घातला, ते चावलं. त्याचं बरोबर होतं.

मुंजाभाऊ सगळ्यांना बाहेर का काढत होते, हे त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं. ते सांगायचं तर आधी हा माणूस सांगावा लागतो.

तीर्थपुरीच्या बाजारात, शेषरावच्या हॉटेलाला लागून, मुंजाभाऊंचं पत्र्याचं दुकान होतं. पुढच्या बाजूला फळी, फळीवर आरी, रापी, मेणदोऱ्याचं रीळ, आणि मागं एक मळका पडदा. पडद्यामागं माझं शिलाई मशीन. माणूस उंच आणि कमरेत वाकलेला, चष्म्याची एक काडी मेणदोऱ्यानं बांधलेली. तोंडात कायम चार-दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असत, त्यामुळे ते दातांतून बोलत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे हा माणूस रागावला आहे. जुन्या गिऱ्हाइकाला माहीत होतं की तो रागावलेलाच आहे.

दुकानात कोणी आलं की मुंजाभाऊ माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, हातातल्या बॅगेकडे पाहत. बॅग घेत, पहिल्यांदा उलटी करत आणि तिचा तळ पाहत. त्यांचं म्हणणं होतं, "वरून सगळेच पुसतेत. माणूस बॅग कुठं टेकवतो ते तळाला कळतं." तळावरून ते सांगत की हा माणूस बसमध्ये बसून येतो की उभा राहून येतो, घरी बॅग खुंटीला लावतो की उंबऱ्यात आदळतो, बायकोशी पटतं की नाही. शेवटचं ते कसं ओळखत मला कधी समजलं नाही, पण चुकत नसत.

मी त्यांच्याकडे लागले ती माझा नवरा गेल्यावर. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि मुंजाभाऊंच्या ओळखीचा होता. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मुंजाभाऊ एक उघडी बॅग घेऊन दारात उभे. 

"वैनी, अस्तर लावता येतं का?"

"परकराला लावते."

"परकरच समजा. आतला माणूस बदलला, एवढंच."

त्या बॅगेला मी अस्तर लावलं. त्यांनी ते आतून बाहेरून ओढून पाहिलं, एक टाका उसवून दाखवला आणि म्हणाले, "हा एक सोडला तर बराबर हाये. उद्यापासून या." मी तीस वर्षं जात राहिले. या तीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाची दुसरी तारीफ केली नाही.

मुंजाभाऊ कुणब्याचे. घरी जमीन होती, विहीर होती. विहिरीची चामड्याची मोट फाटली तेव्हा बापानं पंधरा वर्षांच्या मुंजाला ती शिवून आणायला जालन्याला पाठवलं. मोट चौथ्या दिवशी कोणाच्या तरी गाडीवर घरी आली. पोरगं सहा वर्षांनी आलं. मोट शिवणाऱ्याच्या शेजारी एक म्हातारा उस्ताद व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या चामड्याच्या बॅगा करत बसलेला, त्याचे हात पाहून हे तिथंच बसले ते उठलेच नाहीत. परत आले तेव्हा बापानं त्यांचं ताट वर्षभर ओसरीवर ठेवलं. कुणब्याच्या पोरानं कातडं शिवायचं म्हणजे काय! मुंजाभाऊ ओसरीवर जेवले. फक्त एकदा बापाला विचारलं, "चार पिढ्या मोटेचं पाणी पेलो आपण. ती काय केळीच्या पानाची होती?" तरी ताट आत आलं नाही.

बॅगांचा इतिहास ते ज्याला त्याला सांगत. माणूस फक्त चेन बदलायला आलेला असे, पण चेन होईपर्यंत त्याला सगळं ऐकावं लागे.

"आधी फडकं होतं. व्यापारी कागदं फडक्यात गुंडाळायचा अन् काखेत मारायचा. मंग पत्र्याची पेटी आली. ती उचलायला दुसरा माणूस लागायचा, म्हणून पेटीवाला मोठा माणूस. मंग कातड्याची बॅग आली, मूठवाली. ती ज्याची त्यानंच धरायची. तिथून मोठ्या माणसानं सोताचं ओझं सोता उचलायला सुरुवात केली, अन् मोठेपण गेलं. मंग ब्रीफकेस. जितका सायब मोठा तितकी बॅग पातळ. आता तर म्हने समदं फोनातच ऱ्हातं. म्हंजे आता सगळ्यात मोठा सायब कोण? जो हात हलवीत येतो तो. म्हंजे मी."

पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगा आल्या तेव्हा त्यांनी तोंडातल्या चुका काढून ठेवल्या आणि स्पष्ट बोलले. "पाठीवर गोणी बैल वाहतो. शिकून सवरून हेच करायचं होतं तर पोरं शाळेत घातली कामून?" त्या बॅगा ते दुरुस्त करत, पण समोर ठेवून नाही, बाजूला ठेवून. प्लास्टिकच्या कडक ब्रीफकेसला ते डबा म्हणत आणि डब्याला शिवण नसते म्हणून तिच्याशी सरळ वैर धरत.

दुकानात एक तपकिरी चामड्याची ब्रीफकेस मात्र दर्शनी टांगलेली असायची. कोणी साहेब मूठ बसवायला देऊन गेले होते, त्यांची बदली झाली, परत आलेच नाहीत. त्या काळात पोराच्या हातात ब्रीफकेस असली की तो नोकरीवाला वाटायचा. मग आसपासच्या खेड्यांतली पोरं मुलगी पाहायला जाताना एका दिवसासाठी ती ब्रीफकेस मागून नेऊ लागली. मुंजाभाऊ देत. अट एकच, परत येताना तळाला माती नको.

एकदा दुपारी एक मिशीवाला माणूस एका पोराला दंडाला धरून दुकानात आला. पोराच्या दुसऱ्या हातात तपकिरी ब्रीफकेस. मागून एक म्हातारी बाई आली, ती मुलीची आत्या. मिशीवाला म्हणजे मुलीचा बाप.

आत्याच बोलली. "ही बॅग आमच्या घरी तिसऱ्या खेपेला आली. पोरगा दर खेपेला येगळा. बॅग आमाला पसंत हाये हो. पोरगा कोणता ते एकदा पक्कं करा."

मुंजाभाऊंनी तोंडातल्या चुका नीट केल्या आणि पोराला विचारलं, "तुझी सोताची पिशवी कुठं हाये?"

पोरानं शर्टाखालून घडी केलेली पिशवी काढली. खताच्या गोणीची होती. मुंजाभाऊंनी ती उलटी केली. तळ फाटला होता आणि त्याला आडवं ठिगळ होतं.

"कोण शिवलं?"

"मीच."

मुंजाभाऊंनी ती पिशवी मुलीच्या बापाच्या नाकासमोर धरली. "टाके पाह्यले? एक सरळ दुसरा वाकडा न्हाई. या पोराला पोरगी द्या. अन् ब्रीफकेस इथं ठेवा, तिला परवा जायचंय."

त्या बापानं खरंच मुलगी दिली. आज तिला नातवंडं आहेत. नवरा दारू पितो. टाके मात्र अजून सरळ घालतो.

आता कुलपांचं. मुंजाभाऊंचं खरं नाव झालं ते कुलपांवर. नंबराच्या ब्रीफकेसा आल्या, तीन चकत्या फिरवायच्या आणि खटका सरकवायचा. लोक नंबर विसरत. बियाण्याचे एजंट, विम्याचे एजंट, एक-दोन मास्तरसुद्धा बॅग घेऊन धावत येत. मुंजाभाऊ बॅग घेऊन पडद्यामागं माझ्या मशीनजवळ बसत. टिक, टिक, टिक. खटका उघडे. मग ते बिडी ओढत, पाणी पीत, मला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावत. पाव तास झाला की कपाळावर पाणी लावून बाहेर जात. "लई अवघड होतं. पण झालं."

मी एकदा विचारलं, कसं उघडता? तर म्हणाले, "वैनी, तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"माझी बी एक जून. शेषरावची एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरनं समद्या तालुक्याची एकच तारीख लिवली. आता सांगा, शून्य एक सहा लावलं तर काय बिघडलं?"

त्यांचं एकदाच अडलं. बाहेरून आलेल्या एका साहेबांची बॅग या नंबरावर उघडेना. मुंजाभाऊ खरोखर घामाघूम झाले. शेवटी बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "सायब, तुमाला शाळेत कोण घेऊन गेल्तं?"

"आई."

"मंग फोन लावा अन् आईलाच विचारा. ह्याच्यात माझा इलाज न्हाई."

पण ही झाली दुसऱ्यांच्या बॅगांची गोष्ट. मुंजाभाऊ स्वतः ज्या चामड्याच्या बॅगा करत त्यांना किल्लीचं कुलूप असे. ते बाहेरून कोणाच्या बापाला उघडत नसे, आणि मुंजाभाऊ मात्र किल्लीशिवाय पाव तासात उघडून देत. बॅगेला एक ओरखडाही नसे. लोकांना वाटे, यांच्या हातात काही विद्या आहे. कोणी म्हणे कानानं ऐकून उघडतात, कोणी म्हणे उस्तादानं मंत्र दिला आहे.

त्यात ना कान होता ना मंत्र, होती फक्त चोरशिवण. बॅगेच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, पितळी घुंडीच्या बाजूला चार बोटांची एक शिवण ते निराळ्या टाक्यानं घालत. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, बरोबर टोक धरून ओढलं की सरसर उसवतं आणि चुकीचं टोक धरलं की जास्तच आवळतं, तसा टाका. घुंडी फिरवली की टोक हाती येई. चार बोटं आत घालायची, कुलपाचा खटका आतून दाबायचा, बॅग उघडली. मग शिवण पुन्हा घालायची आणि मी आतून अस्तर टाकायचं. तेवढा वेळ गिऱ्हाईक शेजारी चहा घेत बसे. शेषरावचं हॉटेल निम्मं या चोरशिवणीवर चाललं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

ही शिवण उस्तादाची. तो म्हणायचा, "चाबी आदमी के पास रहती, गुमतीच. बॅग में एक दरवाजा अपना रखना. पण किसी के सामने खोलना नै." मुंजाभाऊंनी तसा शब्द दिला होता आणि तो पाळला होता. स्वतःच्या पोरालाही दाखवली नव्हती. मला कळली ती अस्तरामुळे. मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. बाईला अस्तरापलीकडे काय समजतं, असं सगळ्यांना वाटे. ते आमच्या सोयीचंच होतं.

बॅगा उघडल्या की आतलं दिसेच. मुंजाभाऊ त्यावर कधी बोलले नाहीत. आमचे वकीलसाहेब होते, अंबडच्या कोर्टात जायचे. त्यांची काळी बॅग गाभण म्हशीसारखी फुगलेली असे. लोक म्हणत, बाप रे, केवढ्या केसेस! किल्ली हरवली म्हणून ती एकदा आमच्याकडे आली. पडद्यामागं उघडली तर आत दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा, चार कांदे, एक बनियन आणि एक कागद. तोही लग्नाची पत्रिका. मला हसू आलं. मुंजाभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं.

"वैनी, ठेच्याचं तेल अस्तराला लागून राह्यलं. तेवढ्या जागी मेणकापडाचा खिसा लावा."

मी लावला. वकीलसाहेब पुढं पंचवीस वर्षं त्या खिशात ठेचा नेत होते. त्यांनी खिसा कुठून आला विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

तर आता त्या दिवसाचं. सहा वर्षं झाली. पोळा आठ दिवसांवर होता. दोन दिवस झड लागलेली, ओढे भरून चाललेले, अंबडकडचा पूल पाण्याखाली. आमचे डॉक्टर मोटारसायकलवर खेडी फिरत. त्यांच्या बॅगेतल्या बाटल्या खडकाळ रस्त्यावर फुटायच्या म्हणून मुंजाभाऊंनी त्यांना खास बॅग करून दिली होती. दोन थर म्हशीचं कातडं, मध्ये पत्रा, चोरशिवणीची चार बोटं तेवढी सोडून. रापी लावली तर रापीची धार जावी. त्या मोसमात खेड्यांचे रस्ते तुटतात म्हणून डॉक्टर सापाचं औषधही बॅगेत ठेवत, पावडर भरलेल्या काचेच्या लहान बाटल्या.

सकाळी ओढ्यातून गाडी ढकलताना त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खिशातली किल्ली गेली. तसेच चिखलानं भरलेले दुकानात आले. वकीलसाहेब आपल्या बॅगेची सैल मूठ आवळून घ्यायला आलेले होतेच. मुंजाभाऊंनी नेहमीसारखं दोघांना चहाला पाठवलं आणि पडद्यामागं आले. मी मेणदोरा घालायला बसले आणि अस्तराला तुकडा हवा म्हणून कोपऱ्यातल्या ढिगात हात घातला.

मी ओरडले तशी शेजारून सगळी धावत आली. डॉक्टर, वकीलसाहेब, आणि हातात चहाची किटली तशीच घेऊन शेषराव. शेषरावनं फुरसं पाहिलं आणि किटली त्याच्यावर टाकली, मग वरून फळी मारली. फुरसं मेलं. तेवढं एक काम त्या दुपारी झटपट झालं.

डॉक्टरांनी माझा हात पाहिला. "फुरसं हाये. बॅग उघडा, मुंजाभाऊ, आत्ताच्या आत्ता."

आणि मग ते चहाचं सुरू झालं.

शेषराव म्हणाला, "चहा तर सांडला मी. आता काय पाजू लोकायला?"

वकीलसाहेब म्हणाले, "हातोडा घ्या, कुलूप फोडा."

"काचा हायेत आत, वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाले. "एक बाटली फुटली तर तेवढी कमी पडंल."

"मंग चाकूनं फाडा."

"पत्रा हाये," मुंजाभाऊ म्हणाले. आणि अशा वेळीसुद्धा त्यांच्या आवाजात जरा ऐट होती, हे मी विसरणार नाही. "माझी बॅग चाकूनं फाटत न्हाई. तुमी बाहेर व्हा फक्त. माणसं पाहून राह्यली की माझा हात चालत न्हाई."

"मी पेशंट सोडून हलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं लोक सांगतेत तुम्ही उघडता. मंग आज काय झालं?"

मुंजाभाऊ उभेच. बॅग पोटाशी. घाम पडद्यामागं पाणी लावून आणायचे तसा नव्हता, खरा होता. माझ्या हिरड्यांतून रक्ताची चव यायला लागली होती. मी म्हटलं, "मुंजाभाऊ, उघडा. न्हाई तर मी सांगते सगळ्यांना."

"वैनी, तुमी बोलू नका. बोलल्यानं विष चढतं."

"चढू द्या. डॉक्टरसाहेब, ती बॅग उलटी करा. डाव्या कोपऱ्यात..."

"थांबा!"

एवढ्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. तोंडातल्या चुका खाली पडल्या.

"तुमी सांगू नका. शब्द माझा हाये, मीच मोडतो."

त्यांनी बॅग उलटी करून गुडघ्यावर घेतली. घुंडी फिरवली, टोक धरलं आणि ओढलं. सरसर सरसर करत ती शिवण चार माणसांच्या समोर उसवली. चार बोटं आत गेली. खट्. बॅगेनं तोंड उघडलं. मुंजाभाऊ काहीतरी पुटपुटले. त्यात उस्ताद हा शब्द होता, बाकीचं मला ऐकू आलं नाही.

पहिला बोलला शेषराव. "आरं! ही तर पोत्यासारखी उघडती!"

वकीलसाहेबांनी स्वतःची काळी बॅग हळूच उलटी केली आणि डाव्या कोपऱ्यातल्या पितळी घुंडीकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी गाडीच्या डिकीतून सलाईन आणलं, बॅगा टांगायच्या आकड्याला लावलं आणि औषध सुरू केलं. संध्याकाळी पाणी उतरल्यावर मला ट्रॅक्टरवर आणि पुढं जीपनं जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मुंजाभाऊ ट्रॅक्टरवर चढले नाहीत. ते फळीवर बसून डॉक्टरांच्या बॅगेची शिवण घालत होते.

शेषरावचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. तिसऱ्या दिवशी जुन्या बॅगा परत यायला लागल्या. कोणी माळ्यावरून काढून आणल्या, कोणी बापाच्या मागं राहिलेल्या आणल्या. वकिलांनी आणल्या, आडत्यांनी आणल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, चोरशिवण बंद करा. एक मोठा व्यापारी भर बाजारात म्हणाला, "इतकी वर्षं आमच्या बॅगा उघडून पाहात होता का तुम्ही?"

मुंजाभाऊ म्हणाले, "पाह्यलं असतं अन् बोललो असतो, तर तुमी या बाजारात ऱ्हायला असता का, शेठ?"

शेठनं बॅग ठेवली आणि चालू लागला. पण नाव गेलं ते गेलंच. त्यानंतर कुलूप उघडायला त्यांच्याकडे कोणी आलं नाही. किल्ली हरवली की लोक स्वतःच तळ चाचपडत.

दवाखान्यात ते पाचव्या दिवशी आले. खाटेपाशी उभे राहिले.

"बरं हाये?"

"हाये."

"हात?"

"राहील म्हणतात. बोट एक ताठ राहील."

"कोणतं?"

मी दाखवलं. त्यांनी विचार केला. "त्याच्यानं अस्तराचं काही अडत न्हाई." मग म्हणाले, "तुमच्यापायी माझी इज्जत गेली, वैनी. काम मात्र लई आलं. कधी येता?"

मी त्यांचे आभार मानले नाहीत. त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही. ते व्हरांड्यात गेले. तिथं औषध कंपन्यांचे टाय लावलेले एजंट मोठ्या डॉक्टरांची वाट पाहत ओळीनं बसले होते, प्रत्येकाच्या पायाशी एक काळी बॅग. मी खाटेवरून पाहत होते. मुंजाभाऊ पहिल्याजवळ थांबले, त्याची बॅग उलटी केली, मग दुसऱ्याजवळ. तिसऱ्यापर्यंत पोचले तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना बाहेर काढलं.

मी पंधरा दिवसांनी कामावर गेले. त्या वर्षी आम्ही जेवढं शिवलं तेवढं आधी कधी शिवलं नव्हतं. सगळ्या बॅगा बंद केल्या, दुहेरी मेणदोऱ्यानं. शेवटची बंद झाली आणि मग काम संपलं. नवीन चामड्याची बॅग कोणाला नको होती. मुंजाभाऊ दिवसभर फळीवर बसत आणि रस्त्यावरच्या पोरांच्या पाठीवरच्या बॅगांकडे पाहत. दिसत कमी होतं, तरी पाहत. पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, चला. ते नाही म्हणाले नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

मी स्टँडवर गेले होते. गाडी जालन्याची होती. मुंजाभाऊ खिडकीशी बसलेले, मांडीवर सामान. तालुकाभर बॅगा करणाऱ्या या माणसाचं सामान एका सिमेंटच्या गोणीत होतं आणि तोंडाला सुतळी. मी म्हटलं, "सोतासाठी एक बॅग केली असती तर काय झालं असतं?"

"गोणीला काय झालं?" ते म्हणाले. "कोणी उचलीत न्हाई. कुलूप लागत न्हाई."

मुलगा तिकिटाचं पाहत होता. मुंजाभाऊंच्या शेजारी एक कॉलेजचा पोरगा येऊन बसला, लॅपटॉपची बॅग पाठीवरून काढून मांडीवर घेतली. मुंजाभाऊंनी माझ्याकडून मान वळवली ती वळवली. गाडी सुटली. मला निघताना दिसलं ते एवढंच, की ते त्या पोराला बोटानं खूण करत होते, उलटी कर, जरा उलटी कर. आणि पोरगा काही न समजून आपली बॅग उलटी करत होता.

पुण्याला ते दीड वर्ष राहिले आणि गेले. झोपेत गेले, असं मुलानं फोनवर सांगितलं. डॉक्टर त्यांच्या आधीच गेले होते, छातीत कळ येऊन. वकीलसाहेब अंथरुणाला खिळून आहेत, माणूस ओळखत नाहीत. शेषरावनं हॉटेल विकलं आणि तो लेकीकडे परतूरला असतो.

चावलं मला होतं. मी आता शहात्तर वर्षांची आहे, जिवंत आहे.